कोंडवाड्यातला मत्स्यसरडा

प्राण्याची खरी योग्यता तो मेल्यानंतर किती वर्षांनी सरकारच्या लक्षात येतो यावर ठरते. काल मेलेल्या बैलाला गावाबाहेर ओढून टाकतात. तेरा दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावाने निदान गोडधोड होतं (ते इतर लोक जेवतात). पण पंधरा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराला स्वतःची फाइल मिळते, फाइलीला लाल फीत मिळते आणि फीत सोडायला एक अधिकारी मिळतो. यावरून शहाण्याने एवढाच बोध घ्यावा की मरायचंच असेल तर शक्य तितक्या लवकर मरून घ्यावं.

चांदा जिल्ह्याला हे तत्त्व समजलं ते समुद्र मिळाल्यानंतर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला आणि एका सहीसरशी त्याला समुद्र प्राप्त झाला. तो पाचशे मैल लांब होता आणि जिल्ह्यातल्या फारसा कुणी पाहिलेला नव्हता, पण कागदोपत्री आपलाच होता. पुढच्याच वर्षी वरून परिपत्रक आलं : ज्या जिल्ह्यांत पूर्वी समुद्र असेल त्यांनी त्याचे पुरावे तातडीने सादर करावेत, समुद्र नसल्यास तसे स्पष्ट कारणासह कळवावे. कारण देण्यापेक्षा समुद्र देणं सोपं, हे प्रत्येक कचेरीला ठाऊक असतं. महिनाभरात सत्तावीस गावांनी पुरावे पाठवले. त्यांत म्हशीचे नऊ जबडे, फुटका पाटा, वारुळाचा एक तुकडा आणि एका गावचा सत्त्याण्णव वर्षांचा म्हातारा एवढ्या वस्तू होत्या (म्हातारा भाडेखर्च न देता परत करण्यात आला).

हे पुरावे तपासायला 'प्राचीन प्राणी ओळख केंद्र (तात्पुरते)' निघालं. त्याला इमारत नव्हती. चामोर्शीच्या अलीकडे हळदबोडी नावाचं धानाचं गाव आहे; तिथला कोंडवाडा तेवढा रिकामा होता. कोंडवाडा मिळाला म्हणून कोंडवाड्याचे कारकून गुणवंतराव हेही मिळाले. एकवीस वर्षं त्यांनी मोकाट गुरं कोंडली होती. खूण पाहून गाय कुणाची हे ते सांगत, आणि मालक गरीब असला तर गाय दिसायच्या आधीच सांगत. जिवंत जनावर ओळखणाऱ्याला मेलेलं अवघड जाऊ नये, शिवाय ते लाथ मारत नाही, असा विचार करून वरच्यांनी त्यांना केंद्राचे प्रमुख केलं. सोबत इंग्रजीतली सोळा पानांची एक पुस्तिका आणि एक भिंग दिलं. कोंडवाड्याचे नियम मात्र रद्द करायचे राहून गेले, त्यामुळे तेच लागू राहिले.

आता झिंगूकडे वळू. झिंगू ढिवर, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा हळदबोडीच्या तलावात मासे धरणे. त्याच्याकडे एक जाळं होतं. दोघांनी दोन टोकं धरून तलावातून ओढत न्यायचं, सण-तागाच्या सुताचं, लांबच लांब. त्याच्या खालच्या दोरीला जड राहावं म्हणून एकेचाळीस दगडी मणी ओवलेले होते. झिंगूच्या पणज्याला ते नाल्याच्या दरडीत एका ओळीत सापडले होते. दोन्ही बाजूंनी वाटीसारखे खोलगट आणि मधोमध इतके पातळ, की दाभणाने टोचताच दोरीपुरतं भोक पडावं. एका टोकाचा मणी उडदाच्या वड्याएवढा, मग उतरत उतरत शेवटचा सुपारीएवढा. पणज्याने ते सापडले तसेच ओवले. मोठे मणी खोल पाण्याच्या बाजूला, बारीक काठाच्या बाजूला. म्हणून जाळं तळाला चिकटून चालायचं आणि खालून मासोळी निसटत नसे.

वैशाखात तलावाचं पाणी उतरलं की अख्खं गाव एका ठरलेल्या दिवशी मासे धरायला उतरतं. त्या दिवशी पहिली ओढ झिंगूच्या घराची. त्याचं जाळं काठाला लागेपर्यंत कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. पहिल्या ओढीचे मासे मात्र घरी न्यायचे नाहीत. ते गावातल्या विधवांना, सुईणीला आणि ज्यांच्या हातून काम होत नाही अशांना वाटायचे. झिंगूच्या नावावर जमीन नव्हती, त्याला चावडीवर कुणी बस म्हणत नव्हतं. वर्षातून एक सकाळ सगळं गाव काठावर उभं राहून त्याची वाट पाहत असे. त्या एका सकाळच्या बळावर तो उरलेलं वर्ष काढत असे.

फाल्गुनात हे जाळं बोरीच्या कुंपणावर वाळत घातलेलं होतं. गावचा कोतवाल नथ्थू परिपत्रकाची दवंडी पुन्हा एकदा देऊन परत येत होता. परिपत्रकाला एक चित्र जोडलं होतं. नथ्थूने चित्र पाहिलं, कुंपण पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं, आणि वीस मिनिटांत गुणवंतराव हजर झाले.

"हे मणके आहेत," ते पुस्तिका उघडून म्हणाले. "मत्स्यसरडा. समुद्रात राहणारा, सरड्याच्या जातीचा, माशाच्या आकाराचा. तुझा आहे?"

"मणी माह्ये आहेत जी," झिंगू म्हणाला. "सरड्याचं मले ठाऊक नाई."

"म्हणजे जनावर मोकाट आहे," गुणवंतराव म्हणाले आणि त्यांनी पावती फाडली.

मणी काढून घ्या, जाळं तरी द्या, अशी झिंगूने विनंती केली. ती नियमात बसत नव्हती. कोंडवाड्यात जनावर जमा होतं ते दाव्यासकट होतं. मणक्यांमधून गेलेली दोरी हे दावं आणि दोरीला लागलेलं जाळं हा दाव्याचा भाग. सोडवायचं असेल तर मालकी सिद्ध कर आणि सिद्ध होईपर्यंत चारा दे. मोकाट जनावराचा चारा दावेदाराने द्यायचा, हा नियम अठरावा.

मत्स्यसरडा काय खातो हे पुस्तिकेत होतं : मासे. किती खातो हे नव्हतं. ते गुणवंतरावांनी स्वतःच्या अनुभवावरून अर्धा शेर ठरवलं. कोणते मासे, याचा निर्णय त्यांनी शास्त्रीय पद्धतीने केला. सापडलेल्या अवशेषांत एकही दात नाही, सबब जनावराला काटेरी मासा चावणार नाही, सबब कमी काट्यांची मरळ द्यावी.

अशा रीतीने, ज्याचं जाळं सरकारजमा होतं तो माणूस रोज पहाटे गळ घेऊन तलावावर बसू लागला आणि जाळ्याला खाऊ घालण्यासाठी मरळ धरू लागला. केंद्राच्या नोंदवहीत रोज नोंद होत असे. नमुन्यादाखल एक देतो. "हजर : एकेचाळीस. चारा : मरळ, अर्धा शेर. शिल्लक : काटे. प्रकृती : स्थिर." पहिल्या तीस दिवसांत मत्स्यसरड्याने पंधरा शेर मासे संपवले. वजन मात्र छटाकभरही वाढलं नाही. गुणवंतरावांनी शेऱ्यात "पचन मंद" असं लिहिलं आणि वरच्या कचेरीने ही नवी माहिती म्हणून त्यांची प्रशंसा केली.

झिंगूची बायको मनकर्णा एकदा चारा पोचवायला गेली. कोंडवाड्याच्या मागे तीन दगडांची चूल होती, तिच्यावर कढई होती, आणि नथ्थू रस्सा चाखत होता.

"भाऊ," मनकर्णाने विचारलं, "तुमचं जनावर हळद-मिरची खाते काय?"

"प्राचीन काळी मिरची होती की नव्हती," गुणवंतराव गंभीरपणे म्हणाले, "याचंच संशोधन सुरू आहे."

मनकर्णा घरी आली ती तणतणतच. "तुमी सकायपासून पाण्यात बसून राह्यले, अन् ते दोघं रस्सा चाटून राह्यले! काऊन गप बसता?" झिंगू गप्प बसला, कारण वैशाखाची तारीख ठरली होती. मासे धरायला अठरा दिवस उरले होते आणि साहेबाशी भांडून जाळं सुटल्याचं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. न भांडता सुटल्याचंही पाहिलं नव्हतं, पण त्यात त्रास कमी होता.

गप्प राहणं मनकर्णाच्या स्वभावात नव्हतं. चाळीस वर्षं मासे चिरलेली बाई ती. माशाच्या पाठीचा कोणता मणी कुठला, हे ती डोळे मिटून अंगठ्याने सांगत असे. दुसऱ्या दिवशी तिने एका मरळीचं मांस सोडवून अख्खा कणा पळसाच्या पानावर मांडला आणि पान गुणवंतरावांच्या मेजावर ठेवलं. मेजावर पुस्तिका उघडीच होती. तिच्यातलं चित्र मनकर्णाला वाचता येत नव्हतं, पण दिसत होतं. मानेच्या आणि पाठीच्या मणक्याला कडेला दोन-दोन गाठी, कारण तिथे बरगडी दोन ठिकाणी टेकते. शेपटीच्या मणक्याला एकच गाठ. मत्स्यसरड्याचे मणके ओळखायची ही पहिली पायरी, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं.

"मासोळीचंही तसंच हाय, भाऊ. पुढच्या मण्याले दोन्ही आंगानं बरगडी, शेपटाकडे बरगडी नाई. आता तुमचे मोजा. एकेक गाठ हाय का नाई? लहान-लहान होत गेले का नाई? हे नुसतं शेपूट हाये." तिने कमरेवर हात ठेवले. "अन् शेपूट जेवते काय?"

कोंडवाड्याच्या इतिहासात इतका शास्त्रशुद्ध प्रश्न कुणी विचारला नव्हता. गुणवंतरावांना त्यातला धोका ताबडतोब दिसला. शेपूट असेल तर तोंड नाही. तोंड नाही तर चारा नाही. आणि गोष्ट तिथेच थांबत नव्हती. कोंडवाड्यात जनावर कोंडता येतं, जनावराचा शेवट कोंडता येत नाही. नुसती शेपटी असेल तर जाळं त्याच क्षणी सोडावं लागलं असतं, केंद्र रिकामं झालं असतं, आणि गुणवंतरावांना पुन्हा लाथ मारणाऱ्या जनावरांकडे जावं लागलं असतं.

त्यांनी रीतसर ओळखपरीक्षा जाहीर केली. बुधवारी सकाळी एकेचाळीस मणके ओसरीत गोणपाटावर मांडण्यात आले. गुणवंतरावांनी भिंग लावून प्रत्येक मणका पाहिला. प्रत्येकाला एक गाठ दिसली. दुसरी दिसली नाही. मग त्यांनी निर्णय सांगितला, आणि तो इथे पूर्ण द्यायला हवा, कारण तर्कशास्त्राला तो आजही उपयोगी पडेल. "पहिली गाठ दिसते, सबब ती आहे. दुसरी दिसत नाही, सबब ती झिजलेली आहे. जी झिजली ती पूर्वी असलीच पाहिजे, कारण नसलेली वस्तू झिजू शकत नाही. सबब प्रत्येक मणक्याला दोन गाठी सिद्ध होतात. सबब सर्व एकेचाळीस मणके मानेचे आहेत. झीज दावेदाराच्या चार पिढ्यांनी जनावर तलावात फरफटवल्यामुळे झाली असून त्याबद्दल त्याला समज देण्यात येत आहे."

साक्षीदार म्हणून नथ्थूला भिंग देण्यात आलं. "दोन दिसून राह्यल्या जी," तो म्हणाला. त्याच्या मिशीला हळद होती.

राहिला दुसरा साक्षीदार. परिपत्रकाप्रमाणे तो स्थानिक, अनुभवी आणि विषयाचा जाणकार हवा होता. गुणवंतरावांनी झिंगूला आत बोलावलं, बसायला पोतं दिलं (असं पहिल्यांदाच घडत होतं) आणि हळू आवाजात समजावलं. मणके मानेचेच आहेत म्हणून तू अंगठा दे. मी मासे धरायच्या दिवशी जाळं एका दिवसापुरतं तुझ्या ताब्यात देतो. जनावराला पाणी दाखवण्याची तरतूद नियमातच आहे. नाही दिलास तर मणके ओळखीसाठी वर जातील, आणि वरून काय परत येतं हे तुला माहीत आहे.

झिंगूला सगळं समजत होतं. ती शेपटी आहे हे त्याला मनकर्णाइतकंच ठाऊक होतं; त्याचा अंगठा त्या मण्यांवरून हजारदा फिरला होता. खोटं बोलायची त्याला लाज वाटत होती. पण डोळ्यांपुढे तलावाचा काठ होता, काठावर गाव होतं, आणि पहिली ओढ टाकायला दुसराच कुणी उतरत होता. पंधरा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराला मानेऐवजी शेपूट म्हटलं काय आणि शेपटीऐवजी मान म्हटलं काय, त्याला कुठे दुखणार आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. शिकलेली माणसं हेच वाक्य लांब करून सांगतात. त्याने अंगठा दिला.

 दुसऱ्या दिवशी मनकर्णा एवढंच म्हणाली, "तुमच्या आंगठ्याले शेपूट ठाऊक होतं."

दिलेला शब्द गुणवंतरावांनी पाळला, हे नमूद करायला हवं. ठरलेल्या सकाळी नथ्थूने जाळं तलावावर आणलं. सगळं गाव काठावर उभं होतं. विधवा भांडी घेऊन पुढे बसल्या होत्या. झिंगूने दोरी हातात घेतली आणि त्याचा चेहरा उतरला. मणके मानेचे ठरल्यामुळे केंद्राने ते पुस्तिकेतल्या मानेप्रमाणे नव्याने ओवले होते. मान डोक्याकडे बारीक आणि धडाकडे जाड असते; खोल पाण्याच्या टोकाला डोकं आहे असं गुणवंतरावांनी ठरवलं होतं, कारण जनावर पाणी तोंडाने पिणार. म्हणजे बारीक मणके खोलात आणि जड मणके काठाला. दर दोन मणक्यांमध्ये दोरीला गाठ मारलेली होती, आणि प्रत्येक गाठीवर लाखेची सरकारी मोहोर होती.

"सायब, हे उलटं ओवलं. खोलाकडून जाळं वर तरंगन," झिंगू म्हणाला.

"मोहोर तोडलीस तर गुन्हा होईल," गुणवंतराव म्हणाले. "आणि मानेवर तर तुझाच अंगठा आहे."

ओढ झाली. काठाची बाजू चिखलात रुतत चालली आणि खोलाची बाजू वरच्या वर तरंगत राहिली. तळाच्या मासोळ्या, मोठ्या मोठ्या, जाळ्याखालून निघून गेल्या. पाठीमागे पाणी हललेलं सगळ्यांनी पाहिलं. जाळं काठाला लागलं तेव्हा त्यात शेवाळ होतं, एक खेकडा होता आणि कुणाची तरी जुनी वहाण होती. चार पिढ्यांत पहिली ओढ रिकामी गेली नव्हती. कुणी हसलं नाही. हसले असते तर झिंगूला बरं वाटलं असतं. विधवा भांडी उचलून उठल्या. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या गोकुळाबाईने जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो मात्र त्याला सोसला नाही. पुढच्या वर्षापासून पहिली ओढ दुसऱ्या घराकडे गेली. त्याबद्दल भांडण झालं नाही, ठरावही झाला नाही.

शास्त्राची मात्र भरभराट झाली. एकेचाळीस मणक्यांची मान आणि शेपटीचा पत्ता नाही, असा समुद्री प्राणी यापूर्वी कुणाला सापडला नव्हता (ही गोष्ट खरीच होती). अहवालात ओळखीचा आधार म्हणून "चार पिढ्या या प्राण्याशी निकट संबंध असलेल्या तज्ज्ञ मच्छीमाराचा अंगठा" असं लिहिलं गेलं. गुणवंतराव वर चढले. नथ्थूही चढला, पण कमी. मणके जाळ्यासकट एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात गेले आणि काचेच्या पेटीत बसले. शाळेच्या पुस्तकात त्यावर एक धडा आला आणि धड्याखाली प्रश्न आला : हा प्राणी शेपटीशिवाय कसा पोहत असे? उत्तर तुम्हाला पाठ आहे. 'मानेच्या साहाय्याने.' त्याला दोन गुण होते आणि ते तुम्हाला मिळाले. धड्यात चित्रही होतं. त्यातल्या मणक्याला गाठी किती, हे मोजायला गुण नव्हते.

पुढे दोनेक वर्षांनी झिंगू आणि मनकर्णा उसने कपडे घालून त्या शहरात गेले. रविवार होता, रांग मोठी होती. पेटीपाशी आल्यावर झिंगू थांबला. त्याने काचेवर अंगठा टेकवला आणि एका टोकापासून सुरुवात केली, एक-एक मणक्यावरून, सावकाश. मनकर्णा शेजारी उभी राहून ओठांतल्या ओठांत मोजत होती. अकराव्या मणक्यापर्यंत ते आले होते. काचेवर डाग पडत होता आणि मागची रांग खोळंबली होती.

त्यांच्या मागे तुम्ही होतात. तुम्ही रागावला नाहीत, तुम्ही चांगली माणसं आहात. तुम्ही त्याच्या खांद्याला हलकेच हात लावलात आणि म्हणालात, "बाबा, जरा पुढे सरका. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"